मातीला आठवडा, पाहुण्याला एक तास

व्हिएतनाममधल्या हनोईहून लाल नदीच्या काठाने तेरा-चौदा किलोमीटर गेलं की बात चांग लागतं. शहरातल्या लाँग बिएन थांब्यावरून ४७ए नंबरची बस थेट गावात सोडते. पाचशेहून जास्त वर्षं इथे भांडी घडतायत. आज गावात शिरलं की दर दोन-चार दुकानांआड कार्यशाळेची पाटी दिसते. आत छोटी चाकं ओळीने मांडलेली, प्लास्टिकची स्टुलं, खुंटीला ॲप्रन. पाहुण्याच्या हातात मुठीएवढा मातीचा गोळा येतो. शिकवणारी बाई तो चाकावर आपटते, तळव्यांनी मधोमध बसवते, अंगठ्याने खड्डा पाडते आणि पाहुण्याचे हात स्वतःच्या हातांत धरून वाटी उभी करते. फोटो निघतो. तासाभरात सगळं आटोपतं.

त्या वाटीचं पुढे काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

आधी ती वाळायला हवी. नवख्याच्या हातचं जाड बुडाचं भांडं सावलीत सावकाश वाळायला पाच-सात दिवस लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. वाळताना आणि भाजताना मिळून माती दहा-बारा टक्के आक्रसते. अशी वाटी बुडाशी बोटभर जाड आणि कडेला पापडासारखी पातळ असते, त्यामुळे कड वाळून आक्रसते तेव्हा बूड अजून ओलंच असतं. तडा जातो तो या दोन्हींच्या मधे. दुसरी चूक पाण्याची. हात घसरावा म्हणून नवखा माणूस सारखं पाणी घेतो, ते तळाशी साचतं. ते स्पंजने टिपलं नाही आणि तळ अंगठ्याने दाबून घट्ट केला नाही, तर बुडाला नागमोडी चीर पडते. कच्च्या भांड्यात ती केसाएवढी दिसते, भट्टीतून निघेपर्यंत आरपार झालेली असते.

भट्टीत भांडं फुटलं की ‘आत हवेचा बुडबुडा राहिला’ असं सर्रास सांगतात. खरा दोष बहुतेक वेळा ओलीचा असतो. जाड भागात राहिलेल्या पाण्याची शंभर अंशांवर वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती भिंत फोडून निघते. म्हणून सुरुवातीचे काही तास आच मंद ठेवावी लागते. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या गारगोटीच्या कणांची रचना बदलते. चढताना ते कण फुगतात, निवताना आकसतात. निवताना घाईने दार उघडलं तर चांगलं भाजलेलं भांडंही तडकतं. बात चांगचा झिलईचा माल १२०० अंशांच्या वर जातो. गॅसच्या भट्टीला तिथवर चढायला अर्धा दिवस आणि निवायला आणखी जवळजवळ एक दिवस लागतो. शिवाय भट्टी पूर्ण भरल्याखेरीज कुणी पेटवत नाही, कारण अर्ध्या भट्टीलाही गॅस जवळपास तेवढाच लागतो.

हा हिशेब पाहुण्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. त्याचं रात्रीचं जेवण हनोईत असतं आणि सकाळी हा लाँगच्या उपसागरातली बोट. मग गरम हवेने वरवर सुकवलेली वाटी कागदात गुंडाळून हातात ठेवली जाते. ती भाजलेली नसते. पाण्यात ठेवली तर रात्रीतून तिचा गारा होईल. नाहीतर आधीच भाजून ठेवलेली तयार वाटी ॲक्रिलिक रंगांनी रंगवायला देतात. ती शोकेसमध्ये छान दिसेल, पण तिच्यात काही खाऊ नये.

मातीत हात घालण्याचा आनंद खरा असतो आणि लहान मुलांना तो जरूर मिळावा. पण तो खेळ आहे. त्याला खेळ म्हणावं आणि खेळाचे पैसे घ्यावेत. अडचण होते ती त्याला ‘परंपरा जतन’ म्हटल्यावर. कारण जी पायरी विकली जाते, ती बऱ्याचदा त्या गावाचं खरं कामच नसते.

बात चांगमध्ये आज बराचसा माल चाकावर घडत नाही. पातळ मातीची राब प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेतं, दहा-पंधरा मिनिटांत साच्याच्या आतल्या अंगाला काही मिलिमीटरचा थर धरतो आणि उरलेली राब उलटून काढतात. भांडं चामड्याइतकं घट्ट झालं की साचा सुटतो. मग सांध्याची रेघ पात्याने खरवडायची, ओल्या स्पंजने पुसायची, झिलईत बुडवायचं आणि बुडाच्या कड्यावरची झिलई निपटून काढायची. ती राहिली तर भट्टीत भांडं फळीला चिकटतं आणि सोडवताना दोन्ही जातात. निळं नक्षीकाम कोबाल्टचं. कच्चेपणी ते काळपट दिसतं, भाजल्यावर निळं होतं. रंगवणाऱ्या बाईला शेवटी काय दिसणार हे मनात धरूनच कुंचला चालवावा लागतो.

यातली कुठलीही पायरी पाहुण्याला नीट शिकवता येते. सांधा खरवडणं अर्ध्या तासात जमतं, कड्यावरची झिलई पुसणं दहा मिनिटांत. चाकावर भांडं ओढायला मात्र वर्षं लागतात. म्हणजे शिकता येण्यासारखं बाजूला ठेवून, न शिकता येणारं शिकवल्याचा देखावा चालतो, कारण चाक फोटोत चांगलं दिसतं.

माझं म्हणणं एवढंच, की कार्यशाळा चालाव्यात, पण त्यांनी गावात खरोखर होणारी पायरी विकावी आणि पैसे ती पायरी करणाऱ्या घराला मिळावेत. आज ते मिळतात रस्त्यावर किंवा धक्क्यावर ज्याचं दुकान आहे त्याला. माती कालवणारा, भट्टीवर रात्र काढणारा, कागदासाठी झाडाची साल कुटणारा मागच्या गल्लीत असतो. तिथवर पाहुणा पोचत नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही, हे मान्य करायला हवं. मध्य व्हिएतनामातल्या होई आन शहराच्या पश्चिमेला तीन किलोमीटरवर, थू बोन नदीकाठी ‘थान्ह हा’ नावाचं कुंभारांचं गाव आहे. इथलं काम बिनझिलईचं, तांबडं, कमी आचेचं. कौलं, पाण्याचे रांजण, चुली. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आल्यावर रांजण कोण घेणार? १९९९मध्ये होई आन युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, पर्यटक वाढले आणि त्या गर्दीतून थान्ह हाला निदान काही घरं चालतील एवढा आधार मिळाला. आज तिकिटाबरोबर मातीची छोटी शिट्टी हातात देतात, बारा राशींच्या प्राण्यांपैकी एकाच्या आकाराची. शिट्ट्या करण्यात म्हाताऱ्या बायकांचा दिवस जातो आणि पैसेही मिळतात. याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

तरी थान्ह हामध्येही बघायची गोष्ट वेगळीच आहे. इथलं जुनं चाक दोघींचं. एक उभी राहून पायाने चाकाला गती देते, दुसरी बसून भांडं ओढते. गती देणारीने ताल सोडला की बसलेलीचा हात वाकडा जातो. भांडं रुंद होतं तेव्हा चाक हळू हवं, तोंड वळवताना एकसारखं. दोघी बोलत नाहीत, उभी असलेली नुसतं भांड्याकडे बघत पाय मारत असते. पाहुण्याला नेहमी बसवतात घडवणाऱ्या जागी. त्याला पाय मारायला उभं केलं, तर पाच मिनिटांत पोटरी भरून येईल आणि या कामात कसब कुठे आहे ते शब्दाशिवाय कळेल. भांडंही चांगलं निघेल, कारण ते जाणतीच्या हातात असेल.

आणखी एक व्यवहाराची बाब. मध्य व्हिएतनामात पावसाळा सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन होई आनच्या गल्ल्यांत शिरते. त्या दिवसांत बिनझिलईची माती वाळत नाही, वाळली तरी भट्टीजवळ पुन्हा ओल धरते. कार्यशाळा मात्र बाराही महिने विकल्या जातात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

होई आनच्याच जवळचं ‘काम थान्ह’ नावाचं गाव हे या धंद्याचं दुसरं टोक. पाणनारळीच्या झाडीतून टोपलीसारख्या गोल होड्या फिरतात. हंपीला तुंगभद्रेत हरिगोलात बसलेल्यांना आकार ओळखीचा वाटेल. फरक असा, की ही होडी कातड्याने मढवलेली नसते. बांबूच्या बारीक कामट्यांची घट्ट वीण, वर बांबूचाच काठ, भोकं बुजवायला ताज्या शेणाचा लेप, तो वाळला की झाडाच्या राळेचा हात. वल्हं एकच, होडीच्या पुढच्या बाजूला पाण्यात आडव्या आठाच्या आकारात फिरवायचं. ओढलं तर होडी जागच्या जागी गिरकी घेते. कोवळा बांबू वापरला तर वीण वाळून सैल पडते, जून बांबू वळवताना मोडतो. शेणाचा थर ओला असताना राळ लावली तर फोड येतात आणि पाणी तिथूनच शिरतं. हे सगळं सांगण्याजोगं, करून बघण्याजोगं. प्रत्यक्षात काय चालतं? लाउडस्पीकरवर गाणी, होडी गरगर फिरवण्याचे खेळ, बक्षिसीसाठी आर्जवं. आता होड्या फायबरच्याही असतात. आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत हाच फोटो सगळ्यात वर असतो, म्हणून ही तक्रार थोडी आपल्याही दाराशी येते.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते दोंग होबद्दल. बाक निन्ह प्रांतात, दुओंग नदीच्या काठी, हनोईहून तीस-पस्तीस किलोमीटर. लाकडी ठशांनी छापलेली चित्रं हे या गावाचं काम: डुकरीण आणि पिल्लं, कोंबडा, उंदरांची वरात. तेतच्या म्हणजे तिथल्या नव्या वर्षाच्या आधी घरोघर ही चित्रं लागत. वर्षाच्या शेवटच्या चांद्र महिन्यात ६, ११, १६, २१ आणि २६ या तिथींना गावात चित्रांचा बाजार भरायचा. आता छपाई धरून असलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकीचं गाव पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू करतं. त्यात पैसा आहे आणि वर्षभर मागणी आहे. कुणी आणि का दोष द्यावा?

डिसेंबर २०२५मध्ये युनेस्कोच्या समितीची बैठक दिल्लीत लाल किल्ल्यात भरली. आपल्याकडे बातमी झाली ती दिवाळी अमूर्त वारशाच्या यादीत गेल्याची. त्याच बैठकीत दोंग होची छपाई ‘तातडीने जपायला हवं’ अशा वेगळ्या यादीत गेली. या यादीत जाणं हे सन्मानापेक्षा दवाखान्यात भरती होण्यासारखं असतं.

इथली कार्यशाळा अशी: रंग लावलेला ठसा, एक कागद, एक दाब, चित्र घरी. खरं चित्र एका दाबात होत नाही. रंगाला एक ठसा, म्हणजे एका चित्राला चार-पाच. प्रत्येक रंग वाळल्यावर पुढचा, आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी. ठसा रंगाच्या गादीवर दाबून कागदाच्या चळतीवर उपडा ठेवतात. कागद त्याला चिकटला की उचलून उलटा करतात आणि कागदाच्या पाठीवरून वाळलेल्या घोसाळ्याची जाळी घासतात. घासणं सारखं झालं नाही तर रंगात टक्कल पडतं. कागद दमट असला तर तो फुगतो आणि शेवटची काळी रेघ रंगांवर नेमकी बसत नाही. कोंबड्याचा तुरा डोक्यापासून सुटलेला दिसतो.

रंगांची गोष्ट त्याहून लांब. काळा बांबूच्या पानांच्या कोळशाचा, तो महिनोन्‌महिने पाण्यात भिजवून मऊ झाल्यावरच वापरायचा. निळा नीळीचा, तांबडा खड्यांचा किंवा पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा, पिवळा होए झाडाच्या कळ्यांचा. कागदाला चकाकी येते ती शिंपल्यांच्या भुकटीने. ती चिकट तांदळाच्या खळीत कालवून पाइनच्या सुयांच्या रुंद कुंचल्याने कागदावर ओढतात, म्हणून उजेडात धरलं की बारीक रेघा चमकतात. खळ पातळ झाली तर भुकटी बोटाला लागते, घट्ट झाली तर कागद वाळून वाकतो. हे पाहुण्याने करून बघावं. खळ शिजवणं, भुकटी कालवणं, दहा कागद ओढणं: दोन तासांत होतं, बिघडलेला कागद फार महाग नसतो, आणि कागद तयार करण्याचं कंटाळवाणं काम करणाऱ्याला त्या दिवशी दोन पैसे जास्त मिळतात.

पण कागद येतो कुठून? झो नावाच्या झुडपाच्या सालीचा हा कागद. साल भिजवायची, चुन्यात मुरवून उकडायची, कुटायची, बांबूच्या चाळणीवर एकेक पान उचलायचं. बाक निन्हमध्येच फोंग खे भागातलं झुओंग ओ हे गाव यासाठी नावाजलेलं होतं. आज फोंग खे ओळखलं जातं ते रद्दीपासून कागद बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आणि त्यांच्या सांडपाण्याने काळ्या पडलेल्या न्गू हुएन खे नदीसाठी. हाताने कागद करायला स्वच्छ पाणी लागतं, कारण पाण्याचा रंग थेट पानात उतरतो. म्हणजे दोंग होच्या चित्राचा जीव दुसऱ्याच गावाच्या नदीत अडकलेला आहे. दोंग होला येणाऱ्या बसने झुओंग ओचं तोंडही बघितलेलं नसतं.

नदीकाठच्या गावांबाबत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ही गावं नदीवर वसली ती देखाव्यासाठी नव्हे. माती नावेतून यायची, लाकूड नावेतून यायचं, आणि रस्त्यावर हादरे खाऊन फुटणारी मडकी नावेत गवत घालून सुखरूप जायची. बात चांगची स्वतःची पांढरी माती केव्हाच संपली, आता ती बाहेरून ट्रकने येते. कोळशाच्या भट्ट्यांच्या काळात तिथे घरांच्या भिंतींवर कोळशाच्या चकत्या गोवऱ्यांसारख्या थापून वाळवत. त्या भट्ट्या गॅसने मागे टाकल्या आणि हवा सुधारली, ते चांगलंच झालं. मात्र गावाचं तोंड नदीकडून रस्त्याकडे वळलं. दक्षिणेला मेकाँगच्या फाट्यांवर मांग थीतच्या विटांच्या भट्ट्या भाताच्या तुसावर चालत. धंदा बसल्यावर आता त्या ओसाड घुमटांनाच वारसा म्हणून दाखवायचं घाटतंय. भट्टी थंड झाल्यावर तिच्यासमोर फोटो काढायला तिकीट लावणं ही मला तरी वारशाची विचित्र कल्पना वाटते.

सरकारी बाजूला एक सुधारणा सहज करता येईल. व्हिएतनामच्या २०१८ सालच्या ५२ क्रमांकाच्या आदेशानुसार ‘कारागिरीचं गाव’ म्हणून मान्यता मिळायला किमान २० टक्के घरं त्या धंद्यात असावी लागतात, धंदा सलग दोन वर्षं स्थिर चाललेला असावा लागतो आणि पर्यावरणाचे नियम पाळलेले असावे लागतात. घरं मोजली जातात, पायऱ्या मोजल्या जात नाहीत. बाहेरून तयार भांडी आणून फक्त रंगवणारी घरंही आकड्यात बसू शकतात. कच्च्या मालापासून तयार वस्तूपर्यंतच्या किती पायऱ्या गावात आणि त्याच खोऱ्यात शिल्लक आहेत, हे मान्यतेत नोंदवलं तर झुओंग ओसारखं गाव कागदावर तरी दिसेल. आणि कार्यशाळेच्या पाटीवर ‘इथे कुठली पायरी शिकवतात आणि वस्तू भाजून मिळते की नाही’ एवढं लिहिणं सक्तीचं करायला खर्च शून्य आहे.

पाहुण्याचं अपुरेपण सरळ उघडं पाडणारं एक ठिकाण आहे: बाऊ चुक. फान रांगच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर चाम लोकांचं गाव, देशातल्या सगळ्यात कोरड्या पट्ट्यात. माती क्वाओ नदीकाठची, तिच्यात बारीक वाळू मिसळलेली. चाक नाहीच. भांडं उंचवट्यावर स्थिर, बाई त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. हात बाहेरून थापतो, आतून आधार देतो, ओल्या फडक्याने तोंड गुळगुळीत होतं. भट्टीही नाही. उघड्यावर लाकडं, वर भांडी, वर पेंढा, आणि काही तासांची आग. गरम असतानाच झाडाच्या रसाचे शिंतोडे मारतात, म्हणून अंगावर काळे-तपकिरी डाग पडतात आणि दोन भांडी सारखी होत नाहीत. वारा बदलला की एका बाजूची भांडी जास्त भाजून तडकतात. २०२२मध्ये ही कला युनेस्कोच्या त्याच तातडीच्या यादीत गेली. इथे फोटोसाठी वाटी उभी करून देणारं यंत्र नाही. पाहुणा दोन फेऱ्या मारतो, भांडं एका अंगाला झुकतं, आणि वर्षानुवर्षं फिरलेल्या पावलांची किंमत त्याला कळते.

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून मराठी घरांत व्हिएतनाम हे थायलंडसारखंच सोपं नाव झालंय. आठ दिवसांत हनोई, हा लाँग, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगवर एक दिवस: नारळाच्या वड्या, मधाचा चहा, गळ्यात अजगर. या यादीतून दोन गोष्टी काढून एका गावात अर्धा दिवस मागायला हवा. सहल कंपनीला पत्ता देताना एक ध्यानात ठेवा: जुलै २०२५मध्ये तिथले प्रांत एकत्र केले गेले, त्यामुळे होई आन आता दा नांगमध्ये आणि बाऊ चुक खान्ह होआ प्रांतात मोडतं. जुने नकाशे अजून क्वांग नाम आणि निन्ह थुआन दाखवतात.

भाजलेली वस्तू हवी असेल तर बात चांग सहलीच्या पहिल्या दिवशी करा, आधी एकदा भाजलेल्या भांड्यावर कोबाल्टने रंगवा आणि झिलई त्यांनाच लावू द्या. भट्टीचा नंबर, भाजणं, निवणं धरून चार-पाच दिवस लागतात. हा लाँग आणि निन्ह बिन्ह करून हनोईला परत येईपर्यंत ती तयार असू शकते. पण पैसे देण्याआधी भट्टी कधी पेटणार हे विचारा. एवढा वेळ नसेल तर चाकावर बसूच नका. बाजूच्या दुकानातून भाजलेली, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारी एक वाटी घ्या. साधारण ३०० डोंग म्हणजे एक रुपया. घासाघीस करायचीच असेल तर शिट्टीवर करा, रांजणावर नको.